प्रिंट जाऊन राहिली, पण कागद निघून नाही राहिला

जून महिना, पेरणी तोंडावर. सोसायटीच्या ऑफिसात पीक कर्जाच्या कागदांसाठी बाकावर माणसं, दारात माणसं, बाहेर कडुनिंबाखालीही माणसं. आत टेबलं तीन, संगणक तीन आणि प्रिंटर एक. तो खिडकीजवळच्या टेबलावर. बाकीच्या दोन टेबलांवरचे लोक फाइल पेनड्राइव्हमध्ये घालतात, उठतात, खिडकीजवळच्याला "जरा सरक ना बाप्पा" म्हणतात, पेनड्राइव्ह खोचतात आणि प्रिंट काढतात. दिवसभर हेच.

मी तालुक्याच्या गावी संगणक दुरुस्तीचं काम करतो. अशा ऑफिसातून मला येणारा फोन बहुतेक एकाच वाक्यानं सुरू होतो: "भाऊ, प्रिंट तर जाऊन राहिली, पण कागद निघून नाही राहिला." गेल्या काही महिन्यांत हे फोन वाढले आहेत, आणि त्याला दोन कारणं आहेत. एक म्हणजे सोसायट्यांचं संगणकीकरण. २९ जून २०२२ रोजी केंद्रानं ६३,००० प्राथमिक कृषी पतसंस्थांसाठी २,५१६ कोटींची योजना मंजूर केली आणि आपल्या गावची विविध कार्यकारी सोसायटी म्हणजे त्यातलीच एक. चोपडीतला हिशोब आता दूरच्या सर्व्हरवर जातो आहे. दुसरं कारण, १४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टनं विंडोज १० ची नेहमीची देखभाल थांबवली. म्हणून ठिकठिकाणी विंडोज ११ चे नवे डबे आले, आणि जुन्या संगणकाला गुमान जोडलेला प्रिंटर नव्याला ओळख द्यायला तयार नाही.

दोष प्रिंटरचा क्वचितच असतो. कागद निघायला चार गोष्टी जुळाव्या लागतात: रस्ता, घर नंबर, दाराची किल्ली आणि भाषा. यातली कोणती तुटली हे कळलं की निम्मं काम झालं. नाही कळलं, तर माणूस ड्रायव्हर, म्हणजे प्रिंटरशी बोलणारा प्रोग्राम, काढतो, घालतो, परत काढतो आणि संध्याकाळी मला फोन करतो.

नेटच नाही, तर प्रिंट कशी निघणार?

हा गैरसमज आधी काढू. नेटवर्क वेगळं, इंटरनेट वेगळं.

गावातली पांदण डोळ्यांपुढे आणा. घरून वावरात जायचं तर पांदणीनं जाता येतं, त्यासाठी डांबरी सडक लागत नाही. अमरावतीला किंवा नागपूरला जायचं असेल तर सडक हवी. ऑफिसातले तीन संगणक आणि प्रिंटर एकमेकांना जोडणारी वायर ही पांदण आहे. बाहेर जाणारी फायबरची किंवा मोबाइलची जोडणी ही सडक. रस्त्याच्या खोदकामात फायबर तुटलं तर सातबारा उघडणार नाही, सोसायटीचं सॉफ्टवेअर उघडणार नाही. पण टेबलावरच्या संगणकातलं पत्र पलीकडच्या प्रिंटरवर निघायलाच पाहिजे. ते निघत नसेल तर बिघाड आपल्या पांदणीतला आहे, कंपनीच्या माणसाची वाट पाहण्यात अर्थ नाही.

पांदण जिथे मिळते त्या चौकाला स्विच म्हणतात. पाच किंवा आठ भोकांचा लहानसा डबा असतो. प्रत्येक संगणकापासून एक वायर येऊन त्यात खोचली जाते. आपल्याकडच्या बहुतेक ऑफिसांत वेगळा स्विच नसतोच, राउटरच्या पाठीमागची चार भोकं तेच काम करतात. राउटर म्हणजे पांदण जिथे सडकेला मिळते तो फाटा. एकाच डब्यात चौक आणि फाटा दोन्ही असल्यामुळे लोकांचा गोंधळ होतो, हे मला मान्य आहे.

ही वायर एका तुकड्यात १०० मीटरपर्यंत चालते. प्रिंटरची यूएसबी वायर साधारण पाच मीटरच्या पुढे भरवशाची नाही. म्हणूनच यूएसबीनं जोडलेला प्रिंटर एका टेबलाशी बांधला जातो, आणि नेटवर्कच्या वायरनं जोडलेला सगळ्या ऑफिसाचा होतो.

गंमत अशी की ही वायर जन्मालाच आली ती प्रिंटरच्या सोबतीनं. अमेरिकेत झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो इथल्या संशोधन केंद्रात गॅरी स्टार्कवेदर यांनी लेझर प्रिंटर घडवला. तो इतका महाग आणि वेगवान होता की एका संगणकाला बांधून ठेवणं परवडणारं नव्हतं. केंद्रातल्या सगळ्या संगणकांना तो वापरता यावा म्हणून जोडणी हवी होती, आणि २२ मे १९७३ च्या टिपणात रॉबर्ट मेटकाफ यांनी तिचा आराखडा मांडला. तिचं नाव ईथरनेट. आपल्या ऑफिसातली निळी वायर तिचीच नात. म्हणजे तीन टेबलं आणि एक प्रिंटर ही अडचण काही आपल्या सोसायटीपुरती नाही.

वीज गेली की प्रिंटर हरवतो, तो का?

पांदणीवरच्या प्रत्येक यंत्राला घर नंबर लागतो. त्याला आयपी पत्ता म्हणतात. बहुतेक ऑफिसांत तो १९२.१६८ नं सुरू होतो, उदाहरणार्थ १९२.१६८.१.५०. या ओळीतले नंबर खासगी वापरासाठी राखलेले आहेत. मोर्शीच्या ऑफिसातही १९२.१६८.१.५० असेल आणि पांढरकवड्याच्याही, तरी भांडण होत नाही. प्रत्येक गावात वॉर्ड क्रमांक एक असतोच की.

हा नंबर देतं कोण? राउटर. संगणक सुरू झाला की तो दवंडी पिटतो: "मी नवीन आलो, मला कोणी नंबर द्या." राउटर ती ऐकतो आणि वहीत बघून मोकळा नंबर देतो, पण ठराविक मुदतीपुरताच. भाड्याच्या खोलीसारखं.

आता आपल्याकडचं विजेचं रडगाणं लावून पाहा. दुपारी दोनला लाइन गेली, तीनला आली. स्वस्तातले काही राउटर बंद पडले की वही विसरतात. लाइन आल्यावर जो आधी उठला त्याला पहिला मोकळा नंबर. काल ५० नंबरच्या खोलीत असलेला प्रिंटर आज ५३ मध्ये गेला. संगणकाला हे कोणी सांगितलेलं नसतं. तो इमानेइतबारे ५० नंबरचं दार ठोठावत राहतो आणि पडद्यावर लिहितो: प्रिंटर ऑफलाइन. प्रिंटर तर समोर हिरवा दिवा लावून बसलेला! माझ्याकडे येणाऱ्या तक्रारींत ही एकच गोष्ट सगळ्यांत जास्त निघते.

उपाय सोपा आणि फुकट आहे. प्रिंटरची खोली कायमची करायची. राउटरच्या सेटिंगमध्ये "या यंत्राला नेहमी हाच नंबर" असं राखून ठेवता येतं. किंवा प्रिंटरच्याच मेनूत जाऊन नंबर पक्का करता येतो, फक्त तो राउटर वाटतो त्या नंबरांच्या बाहेरचा निवडा, नाही तर एकाच खोलीच्या दोन चाव्या होतील. त्यानंतर संगणकावर प्रिंटर जोडताना "आपोआप शोध" वर विसंबू नका, तोच नंबर हातानं टाका. आपोआप शोधून जोडलेले प्रिंटर माझ्या अनुभवात जास्त हरवतात.

एक खूण लक्षात ठेवा. संगणकाचा स्वतःचा नंबर १६९.२५४ नं सुरू होत असेल, तर त्याची दवंडी कोणीच ऐकलेली नाही. वाट पाहून त्यानं स्वतःच्या मनानं नंबर लावून घेतला आहे. अशा वेळी ड्रायव्हरला हात लावू नका. वायर निघाली असेल, राउटर बंद असेल, नाही तर उंदरानं वायर कुरतडली असेल. शेवटचं कारण मी गमतीनं लिहिलेलं नाही. धान्याचं गोदाम शेजारी असलेल्या ऑफिसात मी आधी वायरच तपासतो.

सर्व्हर म्हणजे मोठा डबा नव्हे

सर्व्हर म्हटलं की लोकांना थंड खोलीतलं लोखंडी कपाट दिसतं. तसे सर्व्हर असतात, सोसायटीचा हिशोब जातो तो तसल्याच ठिकाणी. पण सर्व्हर हे यंत्राचं नाव नसून कामाचं नाव आहे. जो मागणाऱ्याला देतो तो सर्व्हर. सचिवांच्या संगणकावरचं "कर्ज २०२५" हे फोल्डर बाकी दोघांना उघडता येत असेल, तर तेवढ्यापुरता सचिवांचा संगणकच सर्व्हर. यूएसबीनं जोडलेला प्रिंटर तो दुसऱ्यांना वापरू देत असेल, तर तो छपाईचाही सर्व्हर.

यातला तोटा उघड आहे. सचिव तालुक्याला मीटिंगला गेले आणि जाताना संगणक बंद केला, की फोल्डरही बंद आणि प्रिंटरही बंद. गोदामाची किल्ली खिशात घालून गोदामवाला बाजाराला गेल्यासारखं.

फोल्डर वाटून देताना दोन कुलपं असतात, आणि इथे जाणकारही फसतात. पहिलं कुलूप फाटकाचं: नेटवर्कवरून कोण आत येऊ शकतो. दुसरं आतल्या खोलीचं: त्या फोल्डरमधल्या फाइलींना कोण हात लावू शकतो. फाटक उघडं आणि खोली बंद असेल तर माणूस अंगणात उभा राहतो. दोन कुलपांपैकी जे कडक, त्याचंच चालतं. म्हणून "मी तर शेअर केलं ना जी" असं कोणी म्हटलं की मी दुसऱ्या कुलपाकडे बघतो.

आणि फाटकाच्याही आधी एक प्रश्न असतो. विंडोजला नवीन जोडणी मिळाली की ती जागा तुमच्या घरची समजायची की एसटी स्टँडची, हे तो ठरवतो. सार्वजनिक म्हणजे स्टँड: तिथे तो कोणाला ओळख देत नाही, कोणाला फोल्डर दाखवत नाही. खासगी म्हणजे घर. नव्या संगणकावर ही निवड बहुधा सार्वजनिक असते. एवढा एक ठिपका बदलला आणि शेजारचा संगणक दिसू लागला, असं कितीदा तरी होतं.

आपल्याच ऑफिसात पासवर्ड कशाला?

हा आक्षेप मला प्रत्येक ठिकाणी ऐकावा लागतो, आणि तो अगदीच चुकीचा नाही. चार माणसं, सगळी गावातली, सगळ्यांना सगळं माहीत. पूर्वीच्या विंडोजमध्ये "पाहुणा" म्हणून बिनपासवर्डचं आत जाता यायचं. मग हे बंद का केलं?

मे २०१७ आठवा. त्या महिन्यात वॉनाक्राय नावाचा व्हायरस दीडशेहून जास्त देशांत पसरला, फाइलींना कुलूप लावून खंडणी मागू लागला. तो शिरला कुठून? फोल्डर आणि प्रिंटर वाटून देण्यासाठी विंडोज जी भाषा बोलतं तिला एसएमबी म्हणतात. तिची सगळ्यांत जुनी बोली १९८० च्या दशकातली. तिच्यातल्या एका भोकातून हा व्हायरस एका संगणकावरून दुसऱ्यावर स्वतःच उडी मारत गेला. कोणी काही क्लिक करण्याची गरज नव्हती. भोक बुजवणारं अपडेट मार्च २०१७ मध्येच आलं होतं, पण ज्यांनी ते घातलं नाही ते सापडले. म्हणजे प्रश्न चार माणसांच्या इमानाचा नाहीच. एकानं लग्नाच्या फोटोंचा पेनड्राइव्ह खोचला, की त्यातलं काय उघड्या दारांनी फिरेल, हा आहे.

त्यानंतर त्या जुन्या बोलीला नव्या विंडोजमधून रजा मिळाली. २०२४ मध्ये आलेल्या विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीनं आणखी एक पाऊल टाकलं: विंडोजची प्रो आवृत्ती असलेला संगणक आता बिनपासवर्डच्या पाहुण्याच्या वाटेनं कुठे जात नाही, आणि प्रत्येक निरोपावर सही मागतो. त्यामुळे राउटरला हार्डडिस्क खोचून केलेली दहा वर्षांपूर्वीची सोय नव्या संगणकावरून उघडत नाही. लोक म्हणतात नवीन संगणक खराब आला. संगणक खराब नाही, तो अनोळखी माणसाच्या हातची चिठ्ठी घेत नाही, एवढंच.

इथे दोन खड्डे सांगून ठेवतो. पहिला: ज्या खात्याला पासवर्डच नाही, त्या खात्यानं नेटवर्कवरून आत जाता येत नाही. टेबलावर बसून चालतं, पांदणीवरून नाही. दुसरा: संगणक उघडताना जो चार आकडी पिन टाकता, तो फक्त त्याच संगणकापुरता. शेजारच्या संगणकानं पासवर्ड विचारला आणि पिन टाकला, तर तो शंभर वेळा नाही म्हणेल. दोन्हींवर उपाय एकच. फोल्डर वाटणाऱ्या संगणकावर "ऑफिस" नावाचं साधं खातं करा, त्याला पासवर्ड द्या, आणि बाकीच्यांनी तेच नाव-पासवर्ड एकदा टाकून "लक्षात ठेव" म्हणा. रोज टाकावा लागत नाही.

रांग अडली की सगळे अडतात

आता प्रिंटरकडे येऊ. तुम्ही "प्रिंट" दाबता तेव्हा पान सरळ प्रिंटरकडे पळत नाही. आधी संगणकातल्या रांगेत उभं राहतं. ही रांग सांभाळणाऱ्या कामगाराचं नाव स्पूलर.

कापूस खरेदी केंद्रावर गाड्यांची रांग ज्यांनी पाहिली आहे त्यांना मी काय सांगणार! काटा एकच. पहिल्याच गाडीतला कापूस ओला निघाला, शेतकरी हटायला तयार नाही, ग्रेडर मानायला तयार नाही. मागच्या साठ गाड्यांचा कापूस कितीही पांढराशुभ्र असो, काटा बंद. छपाईच्या रांगेत एखादी बिघडलेली फाइल पुढे अडकली की तेच होतं. मग माणूस काय करतो? कागद निघत नाही म्हणून पुन्हा प्रिंट दाबतो. पुन्हा दाबतो. अशानं रांगेत आणखी पंधरा गाड्या लागतात, आणि कधी तरी रांग सुटली की एकाच अर्जाच्या सोळा प्रती बाहेर पडतात.

करायचं ते असं: प्रिंटरची रांग उघडा, सगळ्यांत वरची फाइल रद्द करा. ती "रद्द होत आहे" म्हणत तिथेच बसली, तर संगणक "रीस्टार्ट" करा. स्पूलर नव्यानं कामावर येतो आणि बहुधा काटा मोकळा होतो. बंद करून चालू करणं याला लोक हसतात, पण त्यामागे हे कारण आहे.

चौथी कडी भाषेची. ड्रायव्हर म्हणजे दुभाषा. संगणकाचं म्हणणं त्या ठराविक मॉडेलला समजेल असं करून देणारा. दुभाषा चुकीचा निवडला तर कागद निघतो, पण त्यावर चिन्हांचं जंगल असतं. कागद निघतो आहे आणि मजकूर भलता आहे, म्हणजे रस्ता, नंबर, किल्ली तिन्ही ठीक आहेत, फक्त दुभाषा बदला. जुना प्रिंटर घेऊन नवा संगणक आणताना आधी कंपनीच्या साइटवर त्या मॉडेलचा विंडोज ११ चा ड्रायव्हर आहे का ते बघा. मग पैसे द्या.

व्हिडिओत तर फायरवॉल बंद करा म्हणतात

म्हणतात, आणि कधी कधी प्रिंट निघतेही. फायरवॉल म्हणजे नेटवर्कवरून येणाऱ्याला अडवणारं संगणकाचं दार, आणि दार उखडून फेकलं तर किल्लीची कटकट संपतेच. पण त्या संगणकात लोकांचे आधार क्रमांक आहेत, खाते क्रमांक आहेत.

२०२१ चं उदाहरण घ्या. त्या उन्हाळ्यात स्पूलरमध्येच मोठी भेग सापडली, तिला प्रिंटनाइटमेअर नाव पडलं. छपाईचे नियम मायक्रोसॉफ्ट त्या वर्षी घट्ट करतच होतं, आणि सप्टेंबरच्या अपडेटनंतर जगभर एकाच्या संगणकाला जोडलेला प्रिंटर दुसऱ्याला मिळेनासा झाला. पडद्यावर शून्यांची माळ आणि शेवटी "११बी" असा आकडा यायचा. तो घालवण्यासाठी रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या आतल्या सेटिंगच्या वहीत, एक ओळ टाकून नवा बंदोबस्तच बंद करण्याची युक्ती तेव्हापासून फिरते आहे. एका ऑफिसात माझ्या आधी आलेल्या कोणी ती तिन्ही संगणकांवर टाकली होती, सोबत अपडेटही कायमचे बंद. मला तिथे बोलावलं ते प्रिंटरसाठी नाही, खंडणीच्या व्हायरसनं सगळ्या फाइलींची नावं बदलून टाकली म्हणून.

सरळ मार्ग असा, की दोन्ही संगणक अपडेट करा. त्यानंही जमलं नाही तर मधला संगणकच काढून टाका. प्रिंटरला नेटवर्कचं भोक किंवा वायफाय असेल तर त्याला स्वतःचा पक्का नंबर द्या आणि प्रत्येक संगणकावरून थेट जोडा. मग कोणाची परवानगी नाही, कोणाचा संगणक चालू ठेवणं नाही, ११बी नाही. नवा प्रिंटर घेणार असाल तर माझं एकच मागणं आहे: थोडे पैसे जास्त गेले तरी मागे नेटवर्कचं भोक असलेलाच घ्या. रंगीत नसला तरी चालेल.

वायफाय असताना वायर कशाला?

मोबाइलला वायफाय बरोबर आहे. पण जुन्या वाड्यातल्या दीड हात जाडीच्या भिंतीतून किंवा टिनाच्या पत्र्यापलीकडे ते लंगडतं. ज्या टेबलावरचा संगणक हलणार नाही आणि जो प्रिंटर हलणार नाही, त्यांना वायर द्या. ती एकदा टाकली की विसरून जाता येतं.

एक ठिकाण मात्र सोडून. ऑफिस इकडे, गोदाम चौकापलीकडे, आणि मधून विजेच्या खांबाला बांधून तांब्याची वायर नेली आहे, असं मी पाहिलं आहे. मृगाच्या पावसात आपल्याकडे विजा कशा पडतात ते सांगायला नको. जवळ कुठे पडली तरी तांब्याच्या वायरीत झटका उतरतो आणि दोन्ही टोकांची यंत्रं एकदम जातात. दोन इमारतींमध्ये फायबर टाका. काचेच्या तंतूतून वीज वाहत नाही, १०० मीटरची मर्यादाही आड येत नाही. फक्त ती फायबर घेताना आत धातूची तार नसलेली मागा.

फोन करण्याआधी

जवळून दूर जायचं. प्रिंटरच्या स्वतःच्या मेनूतून चाचणीचं पान काढा. ते निघालं तर प्रिंटर धडधाकट. मग वायरीच्या भोकाजवळचा लहान दिवा लुकलुकतो का बघा. मग संगणकाच्या काळ्या खिडकीत (कमांड प्रॉम्प्ट) पिंग हा शब्द इंग्रजीत लिहून, जागा सोडून, प्रिंटरचा नंबर टाका. हे म्हणजे पांदणीच्या तोंडाशी उभं राहून "हाय का कोणी?" म्हणून हाक मारणं. चार वेळा ओ आली तर रस्ता आणि नंबर दोन्ही बरोबर, आता रांग आणि दुभाषा बघा. हाकेला ओ नसेल तर नंबर बदलला आहे किंवा वायर गेली आहे. प्रिंटर सगळ्यांना नाही म्हणतो की फक्त तुम्हाला, हे शेजारच्या टेबलावरून विचारून घ्या. सगळ्यांना म्हणत असेल तर चौकाकडे जा, फक्त तुम्हाला म्हणत असेल तर तुमच्या टेबलाशी या.

सुरुवातीला सांगितलेल्या त्या सोसायटीत आम्ही राउटरमध्ये प्रिंटरचा नंबर राखून ठेवला, तिन्ही संगणकांवर तोच टाकला आणि खिडकीजवळच्या संगणकाची यूएसबी वायर काढून ड्रॉवरमध्ये टाकली. तासाभराचं काम. प्रिंटरचा नंबर, राउटरचा नंबर आणि "ऑफिस" खात्याचं नाव एका कागदावर लिहून कपाटाच्या दाराला आतून चिकटवलं. पासवर्ड त्यावर लिहू नका म्हटलं होतं. परवा गेलो तर त्याच कागदावर निळ्या पेनानं, ठळक अक्षरात, तोही लिहिलेला होता.